बाबांचा धयकालो, भाच्याचं स्कूबा आणि माझे गंजिफाचे पत्ते: सिंधुदुर्गातले पाच दिवस

ट्रिप एकच होती पण गाडीत चार माणसं आणि चार वेगळ्या ट्रिपा. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, जत्रेतला दशावतार (गावाकडे त्याला धयकालो म्हणतात) बघायचा होता. वय ७४, गाव कुडाळ तालुक्यात, सतराव्या वर्षी लालबागला आले ते आलेच, आणि अजूनही फॉर्म भरताना मूळ जिल्हा 'रत्नागिरी' लिहितात, कारण त्यांनी गाव सोडलं तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झालाच नव्हता, तो झाला १९८१ ला. भाचा ओंकार, एकोणीस वर्षांचा, त्याला मालवणचं स्कूबा सोडून जगात काही नको. मला सावंतवाडीचे गंजिफा पत्ते बघायचे होते, कॉलेजपासून डोक्यात होतं. आणि नवऱ्याला मासे. तो निदान प्रामाणिकपणे सांगतो तरी.

नोव्हेंबरचा शेवट मुद्दाम निवडला. त्रिपुरी पौर्णिमा झाली की तळकोकणात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. मे महिन्यात आंबे मिळतील, डिसेंबरच्या सुट्टीत तारकर्लीला गर्दी मिळेल, पण जत्रा आपल्या सुट्ट्या बघून होत नाही, ती देवाच्या तिथीला होते. तेव्हा आधी बाबांच्या चुलतभावाला फोन करून तिथी विचारली आणि मग ऑफिसात रजा टाकली.

दिवस पहिला: पुणे ते सावंतवाडी

कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली असा रस्ता. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त आंबोलीच्या घाटात पाच वाजताच धुकं उतरलं आणि नवरा पहिल्या गिअरवर आला. बाबा काच खाली करून बसले होते, थंडी वाजत असून. घाट उतरून दाणोलीच्या आसपास हवा एकदम दमट झाली तसे म्हणाले, "वास इलो." पुण्यात ते शुद्ध बोलतात, अगदी बँकेतल्यासारखं. हे पहिलं मालवणी वाक्य. पुढचे पाच दिवस मग ते वाढतच गेलं.

रूम ऑनलाइन बुक केली होती, 'तलाव दिसतो' असं लिहिलेलं. दिसतो, बाथरूमच्या खिडकीतून, बादली उलटी करून तिच्यावर उभं राहिलं तर. फार वाद घातला नाही, एकच रात्र होती. संध्याकाळी मोती तलावाला चक्कर मारली. १८७४ चा तलाव, अख्खं गाव त्याच्या कठड्यावर बसायला येतं. रात्री जेवणात उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिरफळं घातलेलं तिखलं आणि सोलकढी. नवऱ्याची ट्रिप तिथेच सुफळ संपूर्ण झाली.

दिवस दुसरा, सकाळ: राजवाडा आणि चितार आळी

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करतात आणि तुम्ही जवळ जाऊन बघू शकता, हे मला सगळ्यात आवडलं. काचेच्या कपाटातली वस्तू बघणं वेगळं आणि ती बनताना बघणं वेगळं. एक ताई गोल पत्त्यावर मासा रंगवत होत्या, मत्स्यावताराचा. पत्ता बांगडीच्या आत मावेल एवढा. मी विचारलं, ही कडेची रेघ इतकी गोल कशी येते हो? काही न बोलता त्यांनी ब्रश टेकवला आणि डाव्या हाताने पत्ता फिरवला. ब्रश जागचा हलला नाही. पत्ताच फिरला, एक फेरी, आणि लाल रेघ आपल्या सुरुवातीला येऊन मिळाली. मी तीन पत्ते होईपर्यंत तिथेच उभी. नवरा बाहेर जाऊन चहा पिऊन आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दशावतारी गंजिफा म्हणजे १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. खेळ मूळचा इराणकडून मोगलांबरोबर आलेला, आपल्याकडे येऊन त्याला अवतार चिकटले. पूर्वी कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडू चढवून, घोटून, वरून लाख लावून पत्ते करायचे. तीन जण खेळतात. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का मोठा, म्हणजे डोक्याला पुरता ताप. पण मला जे फार आवडलं ते असं की दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे राम तो सुरुवात करतो आणि रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्ण. पत्त्यांना दिवस आणि रात्र कळते!

ही कला जवळजवळ गेलीच होती. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी उरलेल्या जुन्या चिताऱ्यांना शोधून, नवीन पोरांना शिकायला बसवून, १९७० च्या आसपास राजवाड्यातच काम सुरू केलं. आता राजवाड्याचाच एक भाग राहायला देतात, तिथल्या खोल्यांनाही गंजिफाची थीम आहे. आम्हाला परवडणारं नव्हतं ते. पत्त्यांचा एक साधा सेट मात्र घेतला. किंमत इथे लिहीत नाही कारण नवरा हे वाचणार आहे.

तिथून चितार आळी. लाकडी फळांची परडी, पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वर असा रंग की ओंकारने केळं उचलून खरंच सोलायला बघितलं (तो नाही म्हणतो, पण मी पाहिलंय). आळीत दुकानं बरीच, पण बारकाईने बघा, अर्धा माल बाहेरून आलेला प्लॅस्टिकचा. एका दुकानदार काकांना सरळच विचारलं. ते म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक किल्ल्यावरसून समुद्रार आणि समुद्रावरसून गोव्याक. मधी धा मिनटां हय थांबता. धा मिनटांत त्येका जा सस्ता दिसता ता घेता." मग शोकेसच्या खालच्या कप्प्यातून जुनी लाखकामाची पाटाची जोडी काढून दाखवली. विकत नव्हते, फक्त दाखवली.

टिप: राजवाडा दुपारी बंद असतो आणि सुट्टीचे दिवसही आधी विचारून घ्या. सकाळी दहाच्या आसपास जा. आळीत भाव करायचा तर जरूर करा, पण आधी "हे इथलं का?" एवढं विचारा. खरं सांगतात.

दिवस दुसरा, दुपार: पिंगुळी

कुडाळच्या अलीकडे पिंगुळी. तिथली ठाकर आदिवासी कला आंगण ही जागा गंगावणे कुटुंबाची, परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली ते हे. त्यांनी आपला गुरांचा गोठा रिकामा करून त्याचं म्युझियम केलंय आणि आत गेल्यावर गोठ्याचा तो बुटकेपणा अजून जाणवतो, उंच माणसाने डोकं सांभाळावं. आमच्या नवऱ्याने सांभाळलं नाही.

चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी. एका कथेची एक पोथी, चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, गाणारा माणूस एकेक चित्र पुढे उभं करतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्यावर कथा सांगत जातो. त्याच घरात कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीचा खेळ, पांगुळ बैल, असं धरून ठाकरांच्या अकरा कला. पूर्वी सावंतवाडी संस्थानातून कुठल्या घराने कुठल्या देवळात कला सादर करायची हे ठरलेलं असायचं. संस्थान गेलं, देवळं राहिली पण मानधन राहिलं नाही, टीव्ही आला, आणि पोथ्या माळ्यावर गेल्या.

आमच्यासाठी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लावला. पांढरा पडदा, मागे दिवा. रावण पडद्याला टेकला की काळा आणि धारदार, जरा मागे घेतला की मोठा होत होत विरघळतो, त्याच्या दहा डोक्यांमधून दिव्याचा उजेड भोकाभोकाने सांडतो. ओंकारने मोबाईल खिशात ठेवला. ही घटना नोंद करण्यासारखी आहे.

खेळ ऐन रंगात असताना आठ-दहा जणांचा ग्रुप आला, टेम्पो ट्रॅव्हलर बाहेर चालूच. त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "पंधरा मिनटात होईल ना? आम्हाला सनसेट गाठायचाय." आणि खेळवणाऱ्या दादांनी जराही वाकडं तोंड न करता सांगितलं, होईल. खरंच झालं पण. सीताहरण ते रावणवध, चौदा मिनटं.

नंतर मी त्यांना विचारलं की वाईट नाही वाटत का. ते म्हणाले, "पूर्वी रात्रभर चालायचं. पण तेव्हा माणसं तयार बसलेली असायची. आता मी म्हटलं रात्रभरच दाखवीन, तर कुणाला दाखवू? पंधरा मिनिटं बघणाऱ्यांतला एखादा परत येतो, त्याला अख्खं दाखवतो." मला यावर काही बोलता आलं नाही. मी एक चित्र घेतलं, आणि अख्खं बघायला परत येणार असं सांगून आले. बघू.

टिप: पिंगुळीला फोन करून जा, खेळ बघायचाय आणि वेळ आहे असं आधीच सांगा. निदान दीड तास हातात ठेवा. आणि फक्त फोटो काढून निघू नका हो, छोटं का होईना काहीतरी घ्या, त्यावर घर चालतं.

दुसरी रात्र: धयकालो

गावाचं नाव देत नाही. मुद्दामच. छोटी जत्रा आहे, छोटीच राहू दे.

गाडी एक किलोमीटर अलीकडे लावली आणि पुढे अंधारातून माणसांच्या मागे चालत गेलो. देवळाच्या आधी दुकानं, गॅसबत्त्यांच्या जागी आता एलईडी, पण माल तोच: मालवणी खाजा, चणे, खडखडे लाडू. बाबांनी खाजाचं पुडकं घेतलं आणि दुकानदाराला पैसे देताना हात थरथरत होता. थंडी असेल.

बाबांच्या चुलतभावांनी देवापुढे आमच्यासाठी गाऱ्हाणं घालायला सांगितलं. गुरवाने नारळ हातात घेऊन सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा..." आणि मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" ही तुझी लेकरां पुण्यासून इलीत, व्हय म्हाराजा. ह्या पोराची शिकशान पुरी होऊं दे, व्हय म्हाराजा. गाडीघोड्यान सुखरूप घरी पोचव, व्हय म्हाराजा. आमची कुणाशी ओळख नाही तरी पंचवीस-तीस अनोळखी माणसं आमच्यासाठी एका सुरात व्हय म्हणत होती. ओंकार हळूच म्हणाला, "मामी, ह्यांनी माझं सेम थ्री धरलंय वाटतं." पण व्हय त्यानेही म्हटलं.

साडेअकराला पालखी फिरली. नाटक कधी सुरू होणार विचारलं तर उत्तर, "होतला." तोवर मी आणि ओंकार मागे रंगपटात डोकावलो. रंगपट म्हणजे देवळाच्या ओवरीत सतरंजी आणि पेटारे. प्रत्येक नट आपापल्या हाताच्या पंजाएवढ्या आरशात बघून स्वतःच तोंड रंगवतो, मेकअपवाला वेगळा नाही. एक दादा नऊवारी नेसत होते, दातांत पदर धरून, निऱ्या झपाझप, मी आयुष्यात इतक्या चापूनचोपून नेसलेली नाहीये. नेसून झाल्यावर फोन वाजला. चांगल्या भरदार आवाजात, "व्हय गे, गायीक पेंड घातलंस? दार लाव आणि नीज." फोन ब्लाऊजात खोचला, उठले, आणि जी बाई चालत रंगमंचाकडे गेली ती कुठल्याही अंगाने टेम्पो चालवणारा माणूस वाटत नव्हती. टेम्पो चालवतात हे त्यांनीच नंतर सांगितलं.

रंगमंच म्हणजे एक बाकडं. तेच सिंहासन, तेच जंगल, तेच पर्वत. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धिसिद्धी, भटजी, सरस्वती, मग वेद पळवणारा काळा संकासुर. हा संकासुर म्हणजे गावचा हक्काचा टवाळ. भटजीला विचारतो, "तू कसो इलंस रे?" "रस्त्यान इलंय." "रस्तो? खंय आसा रस्तो?" आणि अख्खी जत्रा फुटली. सरपंच पहिल्या रांगेत होते, तेही हसले, करतात काय.

त्यानंतर आख्यान, म्हणजे पुराणातली मुख्य गोष्ट. याला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि संवाद तिथल्या तिथे. दोन राजे बाकड्याच्या दोन बाजूंना उभे राहून अर्धा अर्धा तास धर्म म्हणजे काय यावर भांडतात आणि लोक मॅच बघावी तसे बघतात. कुणी चुकला तर दुसरा त्यातच त्याला पकडतो. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर, वालावलकर अशी जुनी दशावतारी मंडळं आणि त्यांच्यातला कुठला राजा बरा, यावर माझ्या शेजारच्या आजीबाईंकडे भरपूर मतं होती. आजीबाईंनीच मला त्यांच्या चादरीत घेतलं. "खंयची गे तू?" म्हटलं पुण्याची. "घे गे अंगार, थंडी पडतली," म्हणून अर्धी चादर माझ्यावर टाकली आणि परत राजाकडे.

आणि बाबा? जे या एका रात्रीसाठी सहा महिने मागे लागले होते, ते दीड वाजता झोपले. ताडपत्रीवर, हात उशाशी घेऊन, गाढ. मला इतकं वाईट वाटलं. दोनदा हलवलं, "बाबा, युद्ध सुरू झालंय." डोळे न उघडता म्हणाले, "माका आयकाक येता." ओंकारही तासाभराने त्यांच्या पायाशी आडवा झाला. नवरा गाडीत जाऊन झोपला होता. म्हणजे ज्याला दशावतार बघायचा होता तो झोपलेला, आणि मी, जिचं हे गावही नाही, पहाटे पाचपर्यंत टक्क जागी.

पहाटे दहीकाल्याची हंडी फुटली तेव्हा बाबा आपोआप उठून बसले. मी जरा रागानेच म्हटलं, बघितलंत काय मग? तर म्हणाले, "अगं, लहानपणी तरी कुठे बघत होतो. आईच्या मांडीवर झोपायचो. राक्षस आला की पखवाज बदलतो, तेवढी जाग यायची, परत झोप. एवढी शांत झोप मला लालबागला कधी लागली नाही." हे शुद्ध मराठीत बोलले. मग दह्याचा हात माझ्या कपाळाला लावला.

टिप: खुर्ची मिळत नाही, चटई आणि शाल न्या. टॉयलेटची सोय गृहीत धरू नका. फ्लॅश मारू नका. तिकीट नसतं, पण देवळाच्या पेटीत आणि मंडळाला काहीतरी द्या. अलीकडे हॉटेलांत पर्यटकांसाठी तासाभराचा दशावतार ठेवावा असं कुणीकुणी सुचवतात. पिंगुळी बघितल्यावर मी त्याला लगेच नाही म्हणणार नाही, नटांना चार पैसे मिळतात. फक्त त्या तासाभरात झोपता येणार नाही.

दिवस तिसरा: वेंगुर्ला

दुपारी बारापर्यंत कुडाळच्या होमस्टेमध्ये झोपलो. हा होमस्टे मात्र खरंच छान, काकूंनी उठल्या उठल्या घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी दिली आणि बाबांना न विचारता वेगळी पेज. चार वाजता वेंगुर्ल्याला गेलो, मांडवी खाडीत कांदळवनाची सफर करायला. ही सफर स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका चालवतात, २०१७ पासून, युएनडीपी (संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम) आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षाच्या मदतीने सुरू झालेली. बहुतेक मच्छीमार घरातल्या. होडीला इंजिन नाही, वल्ह्यावर चालते, त्यामुळे पक्षी उडत नाहीत आणि बोलणं ऐकू येतं.

आमच्या होडीवरच्या ताई झाडाजवळ होडी थांबवून चिखलातून वर आलेली मुळं दाखवत होत्या, ही श्वास घेणारी, ही आधाराची. मध्येच म्हणाल्या, "आधी आमच्याच वाडीतले हसायचे, ह्या झाडांत काय बघायचंय म्हणून. चिखल नि डास. आता तेच पाहुण्यांना घेऊन येतात." १९९७ ला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मोठी हॉटेलं होती. ती आली, नाही आली, ते जाऊ दे, पण या चिखलातून आठ-नऊ घरांत नियमित पैसे जातायत हे मला डोळ्यांनी दिसलं. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आधी फोन करा.

रात्री गंजिफा उघडला. बाबा, ओंकार आणि मी. पहिल्या डावात भांडण, कारण कुठल्या रंगात एक्का मोठा हे कुणाच्याच लक्षात राहिना.

दिवस चौथा: वालावल, धामापूर, मालवण

वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर सकाळी आठला. कुणीच नव्हतं. लाकडी खांबांवरचं कोरीवकाम आणि शेजारचं तळं, बस. पुढे धामापूर. १५३० मध्ये नागेश देसाईंनी बांधलेला तलाव, काठावर भगवतीचं देऊळ, २०२० मध्ये याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. बाबांनी गोष्ट सांगितली की पूर्वी गरिबाच्या घरी लग्न असलं की परडीत फुलांचे दागिने ठेवून तलावात सोडायचे, आणि परडी वर यायची ती सोन्याच्या दागिन्यांनी भरून. लग्न झालं की परत करायचे. कुणीतरी केले नाहीत, तेव्हापासून बंद. "बुडीत कर्ज," नवरा म्हणाला. तो बँकेत आहे.

मालवणला ओंकारचं स्कूबा. गेला, आला. पाण्याखाली वीस मिनटं, मासे, फोटो, अंगठा वर. खूश होता, पण वर्णन म्हणून एवढंच मिळालं, "भारी."

मग होडीने सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं आणि १६६७ ला पूर्ण, पायाच्या दगडांत शिसं ओतून. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली त्यात हा आहे. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर इथे आहे, आणि खाऱ्या समुद्राच्या मध्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. जेवढी गर्दी वर होती त्यातली बरीचशी होडीवाल्याने दिलेल्या वेळेमुळे पळत होती. आम्हीही पळालो. वारसा यादीत नाव आलं तसा इथे माणसाला जरा जास्त वेळ द्यायला हवा, तटावरून एक चक्कर तरी निवांत व्हावी. पावसाळ्यात होड्या बंद असतात हे लक्षात ठेवा.

दिवस पाचवा: कुडोपी आणि परत

हा ओंकारचा हट्ट, सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मालवणला कुणाकडून तरी त्याने ऐकलं की आचऱ्याच्या बाजूला कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातली आणि गोव्यातली मिळून नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यात सिंधुदुर्गातलं हे एकच.

गावात विचारल्यावर एक काका हातात खराटा घेऊन बरोबर आले. खराटा कशाला ते वर गेल्यावर कळलं. सडा म्हणजे नुसता जांभा, काळा-तांबडा, सावलीला झुडूप नाही, आणि आम्ही उभे होतो तिथे काहीच दिसत नव्हतं. काकांनी वाळकं गवत आणि माती झाडायला सुरुवात केली. एक पाय उमटला, मग कंबर, मग दुसऱ्या बाजूला आणखी कुणाचे तरी हात. सकाळचं ऊन तिरपं होतं म्हणून खाचेत सावली पडत होती आणि खराट्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला एक माणूस जमिनीतून वर येत होता. ओंकार स्वतःच खराटा मागून झाडायला लागला. आपण कुणाच्या तरी अंगावर उभे आहोत हे कळल्यावर मी चपला काढल्या. काकांनी "घालून ऱ्हवा, काटे आसत" म्हटलं तरी.

टिप: सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरच जा, भर दुपारी शिल्पं दिसत नाहीत. पाणी आणि टोपी न्या. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या, न मागता.

कणकवली, फोंडाघाट, राधानगरी असे परत. घाट चढून वर चहाला थांबलो तेव्हा सहा वाजत आले होते. बाबांनी डिकीतून गंजिफाची पेटी काढली, टपरीच्या बाकड्यावर पत्ते वाटले. राम ओंकारकडे, कृष्ण त्यांच्याकडे. मग दोघे थांबले. सूर्य दिसत नव्हता पण उजेड होता, टपरीवाल्याने बल्ब लावला होता पण अंधार नव्हता.

"दिवस आहे आजोबा. मी सुरू करणार."

"खंयचो दिवस? दिवो लागलो बघ."

टपरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, चहा झाला की सांगतो.